पाइपलाइन जागेवरच असते, शहर सरकतं

सेमिनरी हिल्सकडे सकाळी फिरायला जाणाऱ्या नागपूरकरांना तिथलं सीजीओ कॉम्प्लेक्स पाहून माहीत असतं. पण देशातल्या स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षेचा मोठा कारभार इथूनच चालतो, याची कल्पना फार थोड्यांना असते. पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजेच 'पेसो', हिचं मुख्यालय इथे आहे. १८९८ साली स्फोटक विभाग म्हणून सुरू झालेल्या या खात्याचे प्रमुख म्हणजे मुख्य स्फोटक नियंत्रक. फटाक्यांची गोदामं, पेट्रोल पंप, गॅस सिलिंडर, खाणीत वापरायची स्फोटकं या सगळ्यांचे परवाने आणि तपासण्या या खात्याकडे असतात. पेट्रोल-डिझेल वाहून नेणारी पाइपलाइन टाकायची असेल, तर तिचा मार्ग आणि आराखडा पेट्रोलियम नियम, २००२ नुसार आधी इथून मंजूर व्हावा लागतो. नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनचं तांत्रिक नियमन २००६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाकडे आहे. तेल उद्योगाची सुरक्षा मानकं १९८६ पासून तेल उद्योग सुरक्षा संचालनालय तयार करतं.

या खात्यांमध्ये बसलेला अभियंता किंवा रसायनशास्त्रज्ञ नेमकं काय बघतो? बहुतेकांना वाटतं, पाइप मजबूत आहे की नाही ते. तो प्रश्न खरं तर सोपा आहे, कारण त्याचं उत्तर गणिताने मिळतं. आतला दाब पाइपची भिंत फाकवायला बघतो. भिंतीवर येणारा ताण काढायचा तर दाबाला व्यासाने गुणायचं आणि जाडीच्या दुपटीने भागायचं. समजा २४ इंची, म्हणजे ६१० मिलिमीटर व्यासाची गॅस पाइपलाइन आहे आणि आत ९० बार दाब आहे. हा दाब वातावरणाच्या जवळपास ९० पट झाला. स्टील असं, की ४८५ मेगापास्कल ताणापर्यंत ते कायमचं वाकत नाही. आता या ४८५ पैकी किती वापरायचे, हे कोण ठरवतं? वरची वस्ती.

नियम असा आहे. पाइपलाइनच्या दोन्ही बाजूंना सुमारे २०० मीटर आणि लांबीला १.६ किलोमीटर असा पट्टा घ्यायचा आणि त्यात राहती घरं मोजायची. १० किंवा त्याहून कमी घरं असतील तर पहिला वर्ग, ४६ च्या आत असतील तर दुसरा, ४६ किंवा जास्त असतील तर तिसरा. बहुमजली इमारतींचा दाट भाग असेल तर चौथा. पहिल्या वर्गात स्टीलच्या ताकदीचा ७२ टक्के भाग वापरता येतो, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ५० आणि चौथ्यात फक्त ४० टक्के. वरच्या उदाहरणात हे आकडे घातले, तर मोकळ्या शेतात भिंत साधारण ८ मिलिमीटरची पुरते आणि दाट शहरात तीच १४ मिलिमीटरची लागते. वायू तोच, दाब तोच, स्टीलही तेच. माणसं वाढली म्हणून भिंत जाड करावी लागली.

खरी अडचण यापुढे येते. पाइपलाइन एकदाच पुरली जाते आणि पुढची कित्येक दशकं तिथेच असते. शहर मात्र सरकत राहतं. नागपूरचंच बघा. मिहान, बुटीबोरी, हिंगणा या बाजूंना ज्या वावरात तूर आणि कपाशी उभी असायची, तिथे आज लेआउट पडले आहेत. समृद्धी महामार्ग हिंगणा तालुक्यात शिवमडक्यापासून सुरू होतो, आणि मुंबई-नागपूर गॅस पाइपलाइन याच महामार्गाच्या सोबतीने आली आहे. असे महामार्ग आले की आजूबाजूला वस्ती येतेच, त्यासाठीच तर ते बांधले जातात. म्हणजे एखादी पाइपलाइन पहिल्या वर्गाची म्हणून ८ मिलिमीटर भिंतीची टाकली आणि १५ वर्षांनी तिच्यावरचा भाग तिसऱ्या वर्गात गेला, तर? नव्या वर्गाचा आकडा तसाच लावला तर ९० बारचा दाब ६२ च्या आसपास आणावा लागेल. नाहीतर जादा दाबाची चाचणी घेऊन पाइपची ताकद नव्याने सिद्ध करायची, किंवा तेवढा तुकडा बदलून जाड पाइप घालायचा. तिन्ही पर्याय खर्चिक आहेत, आणि तिन्हींसाठी कोणीतरी वेळेवर घरं मोजलेली असावी लागतात. माझ्या मते या सगळ्या व्यवसायातलं सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत कमी चर्चेत येणारं काम म्हणजे ही मोजणी. ते करायला ना मोठी यंत्रं लागतात ना प्रयोगशाळा, फक्त नकाशा, पायपीट आणि 'आता दाब उतरवा' असं लेखी सांगायची हिंमत लागते.

हा २०० मीटरचा आकडा भौतिकशास्त्राशीही जुळतो. उच्च दाबाची गॅस पाइपलाइन फुटली आणि वायू पेटला, तर उष्णतेच्या झळा किती दूरवर जीवघेण्या ठरतील, हे काढायचं एक प्रचलित सूत्र आहे. व्यास आणि दाबाचं वर्गमूळ यांच्या गुणाकारावर ते उभं आहे. आपल्या उदाहरणातल्या पाइपसाठी ते अंतर सुमारे १८० मीटर येतं.

जमिनीचा हक्क हा तर या विषयाचा अविभाज्य भाग. १९६२ च्या कायद्यानुसार पाइपलाइनसाठी सरकार जमीन विकत घेत नाही, फक्त वापराचा हक्क घेतं. मालकी शेतकऱ्याचीच राहते आणि पाइप पुरून झाल्यावर पेरणीही करता येते. त्या पट्ट्यावर इमारत बांधायची नाही, विहीर किंवा तलाव खोदायचा नाही आणि झाड लावायचं नाही, ही तीन बंधनं मात्र कायमची. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागाईतदाराला यातलं तिसरं बंधन काय वाटेल, ते विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. मुळं पाइपवरच्या आवरणाला भिडतात, तपासणीला वाट राहत नाही, हे शास्त्र बरोबरच आहे. पण पिकाच्या आणि झाडांच्या नुकसानीशिवाय जमिनीसाठी कायद्यात भरपाई आहे ती बाजारभावाच्या १० टक्के. पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देणारी बागेची पट्टी गेली तर ही रक्कम तुटपुंजी आहे, असं मला स्पष्ट वाटतं. जो शेतकरी नाराज, तो पाइपलाइनचा राखणदार कसा होणार? आणि तो राखणदार व्हावा, ही तर सुरक्षेची गरज आहे.

आता जमिनीखाली जाऊ. स्टील ओल्या मातीत ठेवलं की गंजतं, म्हणजे लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून मातीतल्या ओलाव्यात विरघळतात. पहिला बचाव पॉलिथिलीनच्या तिहेरी आवरणाचा. पण शेकडो किलोमीटर लांबीत कुठेतरी ओरखडा पडतोच, म्हणून दुसरा बचाव विजेचा असतो. थोड्या अंतरावर धातूचे अॅनोड पुरायचे, रेक्टिफायरने एकदिश प्रवाह तयार करायचा आणि तो मातीतून पाइपकडे वाहता ठेवायचा. लोखंडाला बाहेरून इलेक्ट्रॉन मिळत राहिले की त्याचं विरघळणं जवळपास थांबतं. कल्पना जुनी आहे. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा याच तत्त्वाने वाचवला होता. याचं नाव कॅथोडिक प्रोटेक्शन; क्षेत्रावरची माणसं नुसतं 'सीपी' म्हणतात.

सीपी नीट चाललंय का, हे बघायला पाइपलाइनवर ठरावीक अंतराने चाचणीचे खांब असतात. तंत्रज्ञ खांबातल्या तारेला व्होल्टमीटर जोडतो आणि तांबं-कॉपर सल्फेटचा अर्धघट, म्हणजे तुलनेसाठीचा स्थिर इलेक्ट्रोड, जमिनीवर टेकवतो. आकडा उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण आला, तर पाइप सुरक्षित. फार ऋण करणंही घातक. उणे १.२ च्या पलीकडे गेलं की पाइपच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होऊ लागतो आणि आवरण सुटू शकतं.

इथे विदर्भाची काळी माती मध्ये येते. पावसाळ्यात ती फुगते, चिकट होते आणि वीज सहज वाहू देते. वीज सहज वाहणारी माती गंजालाही सोयीची असते. उन्हाळ्यात हीच माती आकसून भेगाळते, पाइपच्या आवरणाला धरून ओढते, आणि वर्षानुवर्षं हे फुगणं-आकसणं चालू राहिलं की आवरणाला सुरकुत्या पडतात. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे असताना वरचा थर इतका कोरडा होतो की अर्धघटाचा जमिनीशी संपर्कच नीट होत नाही. म्हणून तंत्रज्ञ आधी बाटलीतलं पाणी जमिनीवर ओततो, ते मुरू देतो आणि मग मोजमाप घेतो. हे केलं नाही तर आकडा चुकीचा येतो आणि त्यावरून काढलेला निष्कर्षही. तपासणी अधिकाऱ्याने नोंदवहीत कोणत्या महिन्यात, कशा जमिनीत आकडा घेतला हे विचारायला हवं, ते यासाठी.

नागपुरात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वीज. कोराडी आणि खापरखेडा इथल्या औष्णिक केंद्रांतून अतिउच्च दाबाच्या वाहिन्या चारी दिशांना जातात. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे रेल्वेचे दोन्ही मार्ग इथे एकमेकांना छेदतात, तेही २५ किलोव्होल्टवर. अशा वाहिनीला पाइपलाइन बरेच अंतर समांतर गेली, तर चुंबकीय प्रवर्तनाने पाइपमध्ये व्होल्टेज तयार होतं. ते १५ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण उघड्या व्हॉल्व्हला किंवा चाचणीच्या तारेला हात लावणाऱ्या माणसाला धक्का बसू शकतो. भरकटलेला एकदिश प्रवाह वेगळ्या रीतीने त्रास देतो. तो पाइपमध्ये एका ठिकाणी शिरतो, दुसरीकडून बाहेर पडतो, आणि जिथून बाहेर पडतो तिथलं लोखंड सोबत नेतो. एक अँपिअर प्रवाह वर्षभर असा बाहेर पडला तर सुमारे ९ किलो लोखंड जातं. ते सगळं एकाच ओरखड्यातून गेलं, तर काही मिलिमीटरच्या भिंतीचं काय होईल याचा अंदाज कुणालाही येईल. म्हणून नवी विद्युत वाहिनी टाकली जाते, तेव्हा जुन्या पाइपलाइनचाही अभ्यास पुन्हा करावा लागतो.

बाहेरून इतकी काळजी घेतली तरी आतली बाजू राहतेच. त्यासाठी पाइपमध्ये 'पिग' सोडतात. तेलाच्या किंवा वायूच्या दाबानेच ढकललं जाणारं हे उपकरण असतं. साधा पिग घाण आणि साचलेलं पाणी पुढे लोटतो. यंत्रं बसवलेला पिग शक्तिशाली चुंबकांनी पाइपची भिंत चुंबकित करत जातो. जिथे गंजाने भिंत पातळ झाली आहे, तिथे चुंबकीय क्षेत्र स्टीलमध्ये मावत नाही आणि बाहेर सांडतं. ते संवेदकांना कळतं. शेकडो किलोमीटरच्या प्रवासानंतर खड्ड्यांची यादीच हाती येते: कुठे, घड्याळाच्या किती वाजता, किती खोल. पाइपच्या गोलाईवरची जागा घड्याळाच्या काट्यांनी सांगायची रीत आहे. सहा वाजता, म्हणजे तळाशी खूप खड्डे दिसले, तर आत पाणी साचतंय हे ओळखायचं.

आंध्र प्रदेशात तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावी २७ जून २०१४ च्या पहाटे गॅस पाइपलाइन फुटली आणि वीसहून जास्त माणसं गेली. कोरड्या वायूसाठी असलेल्या पाइपलाइनमधून ओलावा असलेला वायू जात होता आणि पाइप आतून गंजला होता. म्हणजे आराखडा करताना जे गृहीत धरलं होतं, तेच राहिलं नव्हतं. ही घटना पाइपलाइन सुरक्षेत येणाऱ्या प्रत्येक तरुण अभियंत्याने मुळापासून वाचावी. वरची वस्ती बदलते, शेजारची वीज बदलते, तसा आतला मालही बदलू शकतो. फाइलवर मात्र जुनाच कागद असतो.

या कामासाठी माणसं कुठून येतात? पेसोच्या अधिकाऱ्यांची निवड केंद्रीय लोकसेवा आयोग करतो, आणि रसायन अभियांत्रिकी किंवा रसायनशास्त्र हा त्यांचा पाया असतो. १९४२ पासून रसायन अभियंते घडवणारी एलआयटी आणि धातुशास्त्राचा विभाग असलेली व्हीएनआयटी ज्या शहरात आहेत, तिथल्या मुलांना हे क्षेत्र परकं वाटू नये. गोंडखैरीला पेसोचं स्वतःचं चाचणी केंद्रही आहे. पगार खासगी तेल कंपनीइतका नसेल, पण सही करायचा अधिकार इथे आहे आणि त्या सहीखाली हजारो लोक झोपतात.

गंजापेक्षाही अचानक येणारा धोका खोदकामाचा. ३० जुलै २००४ रोजी बेल्जियममधल्या गिलेंगिएन इथे गॅस पाइपलाइन फुटून २४ जण गेले. काही आठवड्यांपूर्वी बांधकामाच्या यंत्राने पाइपला ओरखडा पाडला होता. त्या दिवशी काहीच झालं नाही. नंतर दाब वाढवला, तेव्हा पातळ झालेली भिंत सुटली. म्हणून जेसीबीचा दात पाइपला लागला आणि गळती दिसली नाही, तरी ते कळवणं गरजेचं असतं. चालकाला दंडाची भीती वाटते आणि तो माती लोटून मोकळा होतो. कळवणाऱ्याला शिक्षा न करता उलट आधार द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. खोदण्याआधी जमिनीखाली काय आहे ते विचारता यावं, म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप सुरू केलं आहे. फायबर केबल टाकणाऱ्या ठेकेदारांनी ते वापरलं तरी बरंच साधेल.

हिंगणा किंवा बुटीबोरीकडे प्लॉट बघणाऱ्यांनी सातबाऱ्याचा 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचावा. पाइपलाइनच्या वापर हक्काची नोंद तिथे असायला हवी. नोंद नसली, पण शेताच्या बांधावर पाइपलाइनचा इशारा देणारा खांब किंवा फलक दिसला, तर व्यवहार थांबवून त्या फलकावर छापलेल्या नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर फोन करावा आणि प्लॉटपासून पाइप किती मीटरवर आहे ते लेखी मागावं.