कषाय वेगळा आणि पानांचा चहा वेगळा

आमच्या बेळगावात पावसाळ्यात घसा धरला की कुणी म्हणतं कषाय (भाजक्या मसाल्यांचं उकळलेलं पेय) घे, कुणी म्हणतं हर्बल टी घे, आणि बरेच जण दोन्ही एकच समजून गवती चहा, तुळस, सुंठ, मिरी सगळं एकाच पातेल्यात टाकून पंधरा-वीस मिनिटं खळाखळा उकळतात. मला ते बघून खरंच वाईट वाटतं, चांगली पात वाया जाते हो.

कषाय करायला मी शेजारच्या अक्कांकडनं शिकले. धने, जिरे, मिरी, बडीशेप, चिमूटभर मेथी मंद भाजायची, सुंठ घालून जाडसर कुटायचं, ती पूड पाण्यात उकळायची, मग गूळ आणि हवं तर दूध. यात सगळा माल टणक आहे, बिया आणि वाळलेलं आलं, त्यामुळं त्यातला अर्क बाहेर यायला आच आणि वेळ दोन्ही लागतं. आयुर्वेदातला काढा तर याहून कडक, एक भाग औषधाला 16 भाग पाणी घालून आटवत आठवा हिस्सा ठेवायचा.

पानाफुलांचं उलटं आहे. गवती चहाला जो लिंबासारखा वास येतो तो पातीच्या तेलातल्या सिट्रल नावाच्या घटकामुळं आणि ही तेलं उडून जाणारी असतात. म्हणजे उकळताना घरभर जो मस्त वास सुटतो ना, तो तुमच्या कपातनं गेलेला असतो! माझी आई कायम ओरडायची, "झाकण ठेव की गं, सगळा वास वर चाललाय." म्हणून पाणी उकळलं की गॅस बंद, पानं टाकायची, झाकून पाच ते दहा मिनिटं ठेवायचं आणि झाकणाला आतनं जे थेंब जमतात ते परत कपातच झटकायचे. वाळलेली पानं असतील तर कपाला एक चमचा, ताजी असतील तर दुप्पट-तिप्पट. आपल्याकडं याला जुना शब्दसुद्धा आहे, फांट, म्हणजे गरम पाण्यात भिजवून गाळलेलं. (गवती चहाला कन्नडमध्ये मज्जिगे हुल्लु म्हणतात, ताकाचं गवत, किती गोड नाव आहे.)

आलं आणि पानं दोन्ही हवं असेल तर आधी आलं उकळून घ्या, पानं गॅस बंद केल्यावर. दूध घालणार असाल तरी आलं आधी नीट उकळलेलं हवं, कच्च्या आल्यानं दूध फाटतं.

फायद्याचं म्हणाल तर आल्यानं मळमळ कमी होते, आणि तुळस, पुदिना, गवती चहा यात चहाचं झाडच नसल्यानं कॅफिन नाही, रात्री नऊला प्यायलं तरी झोप उडत नाही. ग्रीन टी मात्र खऱ्या चहाचीच पानं, त्याला हर्बल समजून रात्री पिऊ नका. आणि घशासाठी ज्येष्ठमध घालत असाल तर बीपीवाल्यांनी जपून, रोज जास्त घेतलं तर बीपी वाढतं, डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आता आमच्याकडं रोजच्या दुधाच्या चहातसुद्धा पात पहिल्यांदा घालत नाही, चहा उकळून झाला की दोन पाती मोडून टाकायच्या, तीन-चार मिनिटं झाकायचं आणि मग गाळायचं.