कोरड्या नमुन्यावरचे आकडे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत भारतातल्या ब्रिटिश लष्कराला पावसाळ्यात एक कोडं पडायचं. काडतुसं तबेल्यांत साठवलेली असत. पावसाळा सरल्यावर पेट्या उघडल्या की पितळी नळकांड्यांना मानेपाशी, म्हणजे गोळी आवळून बसवलेली असते तिथेच, चिरा गेलेल्या. ना कुणी झाडली होती, ना आपटली होती. ठरावीक ऋतूत होतं म्हणून याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणू लागले. नाव मिळालं, कारण मिळालं नाही.

1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी ते शोधलं. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळावर बसतो आणि त्यातल्या तांब्याला खातो. पण तेवढ्याने पितळ चिरत नाही. नळकांडं थंड अवस्थेत ओढून घडवताना धातूच्या आत जो ताण अडकून राहतो, तो चीर उघडत नेतो. ओल, अमोनिया आणि ताण, तिघांतला एक काढला की काडतूस शाबूत. म्हणून उपायही साधा निघाला: घडवल्यावर हलकं तापवून आतला ताण सैल करायचा. ओल आणि उष्णता पदार्थाच्या ताकदीचं काय करतात, या विषयाची खरी सुरुवात माझ्या मते इथे होते, कारण ताकद ही एकट्या धातूची नसून धातू, हवा आणि ताण यांची मिळून असते, हे इथे उघड दिसलं.

लाकूडवाल्यांना ओलीचा हिशेब आधीपासून ठाऊक होता. दमट हवेत दार फुगून चौकटीत अडकतं, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. अमेरिकेत हॅरी टीमनने 1906 मध्ये त्याला मोजमाप दिलं: लाकडातला ओलावा साधारण 25 ते 30 टक्क्यांपर्यंत वाढतो तोवर ताकद घसरत जाते, पुढे कितीही भिजवा, फारसा फरक नाही. पेशींच्या भिंती तोवर पाणी पिऊन तृप्त झालेल्या असतात. उरलेलं पाणी नुसतं पोकळीत साचतं.

उष्णतेची बाजू 1910 मध्ये अँड्रेडने उलगडली. शिशाच्या तारांवर एकसारखा ताण ठेवला तर त्या लगेच तुटत नाहीत, पण हळूहळू लांबत राहतात. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे आपल्याला साधं वाटणारं खोलीचं तापमान त्याच्या दृष्टीने बरंच ऊन असतं. काचेचं दुखणं वेगळं, तिचं जमतच नाही पाण्याशी. काच कापणारे कारागीर ओरखडा ओला करून मग काच मोडत आले आहेत. तडा पुढे सरकण्याचा वेग हवेतल्या दमटपणावर अवलंबून असतो, हे वीडरहॉर्नने मोजून दाखवेपर्यंत 1967 साल उजाडलं.

प्लास्टिकने मात्र सगळा हिशेब उलटा केला. 1935 मध्ये जन्मलेलं नायलॉन साच्यातून ताजं, कोरडं निघतं तेव्हा कडक पण ठिसूळ असतं. क्लिप वाकवायला जावं तर कट्‌कन मोडते. तीच क्लिप हवेतलं पाणी प्याली की मऊ आणि चिवट होते. म्हणून काही कारखाने नायलॉनचे भाग मुद्दाम पाण्यात ठेवतात. नायलॉन 66 हा त्यातला एक नेहमीचा प्रकार, पूर्ण भिजला की वजनाच्या सुमारे 8 टक्के पाणी धरतो, आणि फुगतोही. दात्यांच्या चाकाला ही गोष्ट परवडत नाही.

विमानांत कार्बन फायबर आलं तेव्हा हा प्रश्न महाग झाला. त्यातले कार्बनचे तंतू पाणी पीत नाहीत, त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी, म्हणजे घट्ट झालेली राळ, पितं, आणि प्यालं की कमी तापमानालाच नरम पडतं. 1976 मध्ये शेन आणि स्प्रिंगर यांनी हे शोषण फिकच्या 1855 च्या विसरण नियमाने, म्हणजे एखादा पदार्थ दुसऱ्यात हळूहळू कसा पसरत जातो ते सांगणाऱ्या नियमाने, मांडलं. त्या नियमाची एक गैरसोय अशी की जाडी दुप्पट झाली तर लागणारा वेळ चौपट होतो. म्हणून गरम-दमट चाचणीत, म्हणजे ओल प्यालेल्या नमुन्याची ताकद उष्णतेत तपासताना, तज्ज्ञांचा बराचसा वेळ नमुना ताणून पाहण्यात जात नाही. नमुना ओल्या कपाटात ठेवतात, अधूनमधून काढून तराजूवर ठेवतात, आणि वजन वाढायचं थांबेपर्यंत, कधी कधी महिनोन्‌महिने, वाट पाहतात. मोडायला मिनिटंच लागतात.