थायरॉइड व जीवनसत्त्वांच्या रक्तचाचण्यांचा अर्थ

थायरॉइड व जीवनसत्त्वांच्या रक्तचाचण्या : गळ्याच्या पुढच्या भागात श्वासनळीला बिलगून असलेल्या अवटू ग्रंथीचे, म्हणजेच थायरॉइडचे काम आणि शरीरातील ड व ब-१२ या जीवनसत्त्वांची स्थिती रक्ताच्या नमुन्यावरून जोखणाऱ्या चाचण्या. थकवा, अंगदुखी, केस गळणे, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा या तक्रारी या तिन्हींच्या कमतरतेत एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की डॉक्टर बहुधा तिन्ही चाचण्या एकत्रच लिहून देतात. तपासणीच्या तयार पॅकेजांत तर त्या कोणी न सांगताही होतात. अहवालात मर्यादेबाहेरचा आकडा ठळक छापलेला असतो आणि त्या ठळक अक्षरांनी घरात धास्ती बसते. पुष्कळदा ही धास्ती अनाठायी असते. क्वचित याच्या उलट घडते आणि साध्या अक्षरांत छापलेल्या आकड्यामागे खरा आजार दडून राहतो.

संदर्भ मर्यादा : निरोगी लोकांच्या मोठ्या गटाचे आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के वगळायचे आणि मधल्या ९५ टक्क्यांना संदर्भ मर्यादा म्हणायचे, अशी ही रीत आहे. म्हणजे ठणठणीत असलेल्या दर वीस माणसांत एकाचा आकडा बाहेर पडणार, हे व्याख्येतच ठरलेले आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकाच निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक आकडा मर्यादेबाहेर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. थायरॉइडची मर्यादा अशी मोजून काढलेली असते. ड जीवनसत्त्वाची मर्यादा मात्र तज्ज्ञांच्या समित्यांनी हाडांचा विचार करून ठरवली आहे, त्यामुळे ती समितीगणिक बदलते. हा फरक अहवालाच्या कागदावर कुठेच दिसत नाही.

थायरॉइड : ‘थायरॉइड वाढलाय’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. बहुतेक वेळा वाढलेले असते ते टीएसएच, आणि थायरॉइडचे काम उलट मंदावलेले असते. टीएसएच हे थायरॉइडचे हॉर्मोन नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी थायरॉइडला कामाला लावण्यासाठी ते सोडते. ती एक हाक आहे. थायरॉइड सुस्तावली की हाक मोठी होते, ती गरजेपेक्षा जास्त काम करू लागली की हाक बारीक होत जवळजवळ बंद पडते. रक्तातले थायरॉइडचे हॉर्मोन थोडे जरी घटले तरी टीएसएच कित्येक पटींनी चढते, म्हणूनच पहिली चाचणी टीएसएचची करतात. प्रौढांत त्याची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४.० किंवा ४.५ मिली-एकके प्रति लिटर अशी छापलेली असते.

खुद्द थायरॉइड मुख्यतः टी-४ बनवते. त्यातला आयोडिनचा एक अणू काढून यकृतासारख्या इंद्रियांत टी-३ तयार होते आणि पेशींवर प्रत्यक्ष काम करते ते हेच. रक्तातले ९९ टक्क्यांहून अधिक टी-४ प्रथिनांना चिकटलेले असते, उरलेले अगदी थोडे मोकळे फिरते. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही प्रथिने वाढतात, त्यामुळे कोणताही आजार नसताना एकूण टी-४ चढलेले दिसते. यासाठी मोकळे, म्हणजे ‘फ्री’ टी-४ मोजणे अधिक भरवशाचे. पॅकेजात पुष्कळदा एकूण टी-३ आणि एकूण टी-४ असतात. अहवाल हातात पडला की आपण नेमके कोणते मोजले आहे ते आधी पाहावे.

टीएसएच चढलेले आणि फ्री टी-४ उतरलेले असेल, तर थायरॉइडची कमतरता उघड असते आणि उपचार लागतात. टीएसएच ४.५ ते १० च्या दरम्यान आणि फ्री टी-४ अगदी ठीक, अशी स्थिती मात्र फार लोकांत आढळते. बहुतेकांच्या गोंधळाचे मूळ इथेच आहे. अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करतात आणि कित्येकांचा आकडा काही न करता खाली येतो. टीएसएच १० च्या वर टिकून राहिले तर गोळी सुरू करण्याकडे कल असतो. वय वाढेल तसे टीएसएच थोडे वर सरकते, म्हणून पंच्याहत्तरीच्या आजींच्या ५.५ ला तरुण सुनेच्या ५.५ इतके महत्त्व देत नाहीत. सून गरोदर असेल तर हिशेबच वेगळा, कारण पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या टी-४ वर अवलंबून असते आणि डॉक्टर दोन-तीन महिने वाट पाहत बसत नाहीत. थायरॉइडविरुद्ध शरीरानेच तयार केलेली अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडे आढळली, तर पुढे कमतरता पक्की होण्याचा संभव वाढतो. या आजाराला हाशिमोटो म्हणतात. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले.

टीएसएच फार उतरलेले असले, विशेषतः ०.१ च्या खाली, तर ग्रंथी अतिकाम करत असते किंवा सुजल्यामुळे तिच्यातला साठा रक्तात सांडत असतो. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हा दुसरा प्रकार होतो आणि बहुधा आपोआप ओसरतो. गोळीचा डोस जास्त झाला तरी आकडा असाच दिसतो. वृद्धांत ही स्थिती रेंगाळली तर हृदयाची लय बिघडते आणि हाडे ठिसूळ होतात.

साध्या अक्षरांत छापलेला धोका म्हणतात तो इथे आहे. बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन पोष ग्रंथीलाच इजा झालेल्या स्त्रीत हाक देणारेच दुबळे होते. टीएसएच मर्यादेत दिसते आणि फ्री टी-४ मात्र तळाला असते. अंगावर दूध न येणे, पाळी न परतणे, कायमची मरगळ ही तिची लक्षणे. अशा बाईची नुसती टीएसएच चाचणी करून ‘थायरॉइड नॉर्मल’ असे सांगितले, तर ती वर्षानुवर्षे उपचाराविना राहू शकते.

रक्त केव्हा दिले यालाही अर्थ आहे. टीएसएच रात्री उशिरा ते पहाटे सर्वांत जास्त आणि दुपारी सर्वांत कमी असते. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या खेपेला दुपारी चारला दिलेल्या नमुन्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर रक्त देऊन झाल्यावर ती घ्यावी, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी-४ वर जाते. टी-४ चे अर्धे प्रमाण उतरायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत केलेली चाचणी नव्या डोसचे खरे चित्र दाखवत नाही. डोस वाढवूनही टीएसएच उतरत नसेल, तर चौकशी स्वयंपाकघरापासून सुरू करावी : गोळी चहाबरोबर घेतली जाते का, की अर्धा-एक तास आधी? लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब ठेवल्या आहेत का? इस्पितळात गंभीर आजाराने पडून असताना केलेल्या थायरॉइड चाचण्या तर तेवढ्यापुरत्या बिघडतातच, त्यावरून आयुष्यभराचे निदान करू नये.

बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाचा घोटाळा अलीकडे जास्त दिसतो. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन ५ ते १० मिलिग्रॅमपर्यंत असते, तर शरीराची रोजची गरज काही मायक्रोग्रॅमांची. अनेक प्रयोगशाळांतील यंत्रे चाचणीच्या आत बायोटिनचाच गोंदासारखा उपयोग करतात. रक्तात ते भरपूर असले की टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त येते, म्हणजे हुबेहूब अतिकार्याचे चित्र. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला होता. केस गळतात म्हणून थायरॉइड तपासायचे आणि त्याच केसांसाठीच्या गोळीने तपासणी बिघडायची, हे फार सहज घडते. निदान दोन दिवस, डोस मोठा असल्यास डॉक्टरांना विचारून त्याहून अधिक दिवस ही गोळी बंद ठेवून रक्त द्यावे.

ड जीवनसत्त्व : मोजायचे ते २५-हायड्रॉक्सी ड, कारण साठा त्यातूनच कळतो. १,२५-डायहायड्रॉक्सी नावाची महागडी चाचणी मूत्रपिंडाच्या आजारासारख्या खास प्रसंगांसाठी आहे. कमतरता असतानाही ती ठीक येऊ शकते. मर्यादेबाबत मतभेद आहेत. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर बहुतेकांना पुरेसे मानले. २०११ साली एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने ३० ची रेघ ओढली आणि ती जगभरच्या अहवालांत उतरली. २०२४ मध्ये याच सोसायटीने त्या रेघेचा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असेही सांगितले. म्हणून २४ हा आकडा ‘अपुरा’ म्हणून ठळक दिसला तरी घाबरण्याजोगा नाही. ९ हा मात्र मनावर घ्यावा असा आहे. आपल्याकडे कमतरतेवर ६०,००० एककांची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देतात. ती चुकून रोज घेतली गेली की रक्तातले कॅल्शियम चढते, उलट्या, बद्धकोष्ठ, गुंगी येते आणि मूत्रपिंडांना इजा होते. पुडीवरचा ‘आठवड्यातून एकदा’ हा मजकूर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवावा. फेरतपासणी तीन महिन्यांनी.

ब-१२ जीवनसत्त्व : हे जिवाणू तयार करतात आणि आपल्याला मिळते ते मांस, मासे, अंडी व दुधातून. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे व आसपासच्या खेड्यांतील मध्यमवयीन पुरुषांत केलेल्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश जणांचे ब-१२ कमी आढळले. शाकाहार हे त्यामागचे एक ठळक कारण होते. वाटीभर दही आणि दोन कप चहातले दूध एवढ्यावर गरज भागतेच असे नाही. मधुमेहातील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील तर साठा आणखी खालावतो.

२०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली कमतरता मानतात. २०० ते ३०० हा धूसर पट्टा. तिथे ब-१२ कमी पडले की रक्तात वाढणारे होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलोनिक आम्ल मोजले तर पेशींना ब-१२ खरोखर अपुरे पडते का ते कळते. लाल पेशींचा आकार मोठा होणे ही जुनी खूण आहे, पण सोबत लोहही कमी असेल तर आकार सरासरीने नेहमीसारखा दिसतो आणि खूण पुसली जाते. नुसत्या फॉलिक आम्लाने रक्त सुधारते, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. पायांच्या मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा असल्यास रक्तातले हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून थांबू नये. इंजेक्शने घेतल्यानंतर आकडा १५०० किंवा ‘२००० पेक्षा जास्त’ येतो. तो औषधाचा असतो, त्याची भीती नको. औषध न घेताच ब-१२ सतत चढलेले असेल तर यकृताचे किंवा रक्ताचे आजार तपासावे लागतात. हाशिमोटो असणाऱ्यांत जठरातून ब-१२ शोषले न जाण्याचा स्वप्रतिरक्षी विकारही अधिक आढळतो. थायरॉइडची गोळी नीट बसूनही थकवा जात नसेल तर ब-१२ पाहण्याचे कारण हेच.

एकके : भारतीय अहवालांत ड जीवनसत्त्व नॅनोग्रॅममध्ये देतात, ब्रिटन वा ऑस्ट्रेलियात नॅनोमोलमध्ये. पहिल्याला २.५ ने गुणले की दुसरे मिळते. नाशिकच्या आईचे २० आणि लंडनमधल्या लेकीचे ५० एकच. ब-१२ च्या पिकोग्रॅमांना ०.७४ ने गुणले की पिकोमोल मिळतात, म्हणजे इथले २०० तिथे १४८. टीएसएचच्या बाबतीत मायक्रो-एकके प्रति मिलिलिटर आणि मिली-एकके प्रति लिटर या एकच माप लिहिण्याच्या दोन रीती आहेत, आकडा बदलत नाही.