सर्व्हिस डॉगला सर्टिफिकेट का लागत नाही? अमेरिकेतल्या नियमाची पार्श्वभूमी

सर्व्हिस डॉग म्हणजे अपंग माणसाला मदत करायला ट्रेन केलेला कुत्रा. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना वाट दाखवणारे कुत्रे, म्हणजे गाइड डॉग, तयार करायला जर्मनीत १९१६ ला शाळा निघाली, १९२९ ला ते अमेरिकेत पोचलं, हा भाग बहुतेकांना माहीत असतो. पडलेली किल्ली उचलून देणारे, दार उघडणारे, लाइटचं बटण दाबणारे कुत्रे १९७० च्या दशकात आले आणि खरा घोळ त्यानंतरचा आहे.

१९९० च्या अपंग हक्क कायद्याखाली जे पहिले नियम झाले त्यात दुकानात, हॉटेलात गाइड डॉग 'किंवा इतर प्राणी' चालत होता, फक्त त्या माणसासाठी ट्रेन केलेला हवा. मग लोक माकडं, साप काय काय घेऊन यायला लागले म्हणून २०१० ला नियम बदलले, मार्च २०११ पासून फक्त कुत्रा (छोट्या जातीच्या घोड्याला वेगळी सवलत आहे, खरंच आहे). नुसतं जवळ असल्यानं बरं वाटतं हे काम धरायचं नाही, पण पॅनिक अटॅक येतोय हे ओळखून कुत्रा काहीतरी ठरलेलं करत असेल तर ते काम.

सर्टिफिकेटची सक्ती मात्र तेव्हाही केली नाही. हॉटेलवाला दोनच गोष्टी विचारू शकतो, अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का आणि तो कुठलं काम शिकलाय. कागद मागायचे नाहीत, करून दाखव म्हणायचं नाही. यावर आजही भांडणं होतात कारण ऑनलाइन कोणीही 'सर्व्हिस डॉग' लिहिलेलं जॅकेट आणि आयडी कार्ड विकत घेतं. पण संस्थेकडून कुत्रा मिळवायचा तर पिल्लू आधी वर्षभर व्हॉलंटियरच्या घरी वाढतं, मग काही महिने पक्कं ट्रेनिंग, त्यातही बरेच नापास होतात, वेटिंग लिस्ट वर्ष-दोन वर्षं सहज. ज्यांनी घरीच स्वतः ट्रेन केलाय त्यांना सर्टिफिकेटच्या सक्तीनं बाहेर काढणं म्हणजे लबाडांची शिक्षा गरजूंना, असं मला तरी वाटतं.

लबाडीची जी उदाहरणं देतात ती बरीचशी विमानातली, आणि विमानाचा कायदा वेगळाच आहे, १९८६ चा. त्यात डॉक्टरची चिठ्ठी दाखवून इमोशनल सपोर्टवाला, म्हणजे नुसतं जवळ असल्यानं धीर देणारा, प्राणी फुकट नेता यायचा. २०१८ ला अमेरिकेतल्या नेवार्क विमानतळावर एका बाईंचा असा सोबतीचा मोर विमानात घेतला नाही ती बातमी आठवत असेल. शेवटी डिसेंबर २०२० ला नियम आला, ११ जानेवारी २०२१ पासून फक्त ट्रेन केलेला कुत्रा. एअरलाइन आता फॉर्म मागू शकते, पण तोही प्रवाशानंच भरायचा. भाड्याच्या घरासाठी आणखी तिसरा कायदा, तिथे इमोशनल सपोर्टचे प्राणी अजून चालतात.

ऑगस्ट २०२१ ला अजून एक कायदा झाला, त्यात पीटीएसडी (युद्धासारख्या धक्क्यानंतर राहणारा मानसिक त्रास) असलेल्या माजी सैनिकांनी कुत्रे ट्रेन करायचा पायलट प्रोग्राम आहे. आणि ट्रेनिंग चालू असलेल्या कुत्र्याला मात्र केंद्राच्या कायद्यात दुकानात शिरायचा हक्क नाही, ते ज्या त्या राज्यावर. मग गर्दीत वागायला त्याला शिकवायचं कुठे, हे घरी ट्रेन करणाऱ्यांचं दुखणं अजून तसंच आहे.