हा वुडी बर्गर किंगचा की मॅकडोनल्ड्सचा?

मीलबरोबर मिळणाऱ्या जुन्या खेळण्यांचा लॉट कुणी विकायला काढला की त्यात टॉय स्टोरी या अ‍ॅनिमेशन पिक्चरमधले वुडी आणि बझ हमखास असतात, आणि वर लिहिलेलं असतं "मॅकडोनल्ड्स टॉय स्टोरी १९९५". आता या एका ओळीतच सगळा घोळ आहे. १९९५ ला पहिला टॉय स्टोरी आला तेव्हा अमेरिकेत त्याची खेळणी मॅकडोनल्ड्सकडे नव्हतीच, ती बर्गर किंगच्या किड्स क्लब मीलबरोबर मिळायची. मॅकडोनल्ड्सच्या हॅपी मीलमध्ये आली ती टॉय स्टोरी २ ची, १९९९ मध्ये. पण हॅपी मील १९७९ पासून चालू आहे ना, त्यामुळे मीलमधलं खेळणं म्हटलं की लोकांच्या तोंडी तेच नाव येतं.

मधल्या चार वर्षांत काउंटर कसा बदलला? तर डिस्नी आधी पिक्चर बघून पार्टनर ठरवायची. १९८९ चा लिटल मरमेड मॅकडोनल्ड्सकडे, १९९४ चा लायन किंग बर्गर किंगकडे, १९९५ चा पोकाहॉन्टसही तिकडेच. मग १९९६ ला डिस्नीने मॅकडोनल्ड्सशी दहा वर्षांचा करार जाहीर केला आणि १९९७ पासून तो लागू झाला, त्यामुळे दुसरा भाग येईपर्यंत वुडी समोरच्या दुकानात गेलेला होता.

ओळखायचं कसं, तर चेहरा बघूच नका. चेहरा सारखाच असणार, कॅरेक्टर एकच आहे. खेळणं उलटं करा, पायाच्या तळाशी नाहीतर पाठीवर बारीक उठावाची अक्षरं असतात, तिथे कंपनीचं नाव सापडतं. मोबाईलची टॉर्च तिरकी धरली की वाचता येतात, सरळ मारली तर काही दिसत नाही (मी पहिले दोन महिने सरळच मारत होतो). आणि मला सगळ्यात आवडणारी खूण म्हणजे पिक्सारचं, म्हणजे टॉय स्टोरी बनवणाऱ्या स्टुडिओचं नाव. १९९७ ला डिस्नी आणि पिक्सारचा नवीन करार झाला त्यात पिक्सारला डिस्नीच्या बरोबरीचं ब्रँडिंग मिळालं, म्हणून १९९५ च्या मालावर बहुतेक नुसतं डिस्नी असतं आणि १९९९ च्या मालावर डिस्नी-पिक्सार जोडीने. साल छापलेलं असेल तर ते कॉपीराइटचं, वाटपाचं असेलच असं नाही, त्यामुळे एकट्या सालावर भरवसा ठेवू नका.

अक्षरं घासून गेली असतील तर सोबत कोण कोण आहे ते बघा. जेसी, बुल्सआय, स्टिंकी पीट किंवा झर्ग असेल तर ती वस्तू १९९५ ची असूच शकत नाही, कारण हे चौघं दुसऱ्या भागातच पहिल्यांदा दिसले. पंख उघडणारा बझ, आरसी गाडी, रेक्स, हिरवे सैनिक असा छोटा घोळका असेल तर आधी बर्गर किंगचा संशय घ्या. मॅकडोनल्ड्सचा सेट चांगला २० खेळण्यांचा होता, म्हणून पूर्ण करताना घाम निघतो.

किमतीचं म्हणाल तर दोन्हीकडे माल लाखोंनी निघाला, सुटं खेळणं "रेअर" म्हणून कुणी विकत असेल तर सरळ पुढे जा. न फोडलेली पिशवी असेल किंवा पूर्ण सेट असेल तरच जरा भाव करण्यात अर्थ आहे.

आपल्याकडचा एक मुद्दा राहिलाच. मॅकडोनल्ड्स भारतात आलं १९९६ ला आणि बर्गर किंग थेट २०१४ ला, म्हणजे १९९५ चा बझ इथल्या कुठल्याच काउंटरवर मिळालेला नाही. मुंबई-पुण्यात कुणी "लहानपणी इथेच बर्गरबरोबर मिळाला होता" असं सांगत १९९५ चा बझ दाखवला तर हसून घ्या आणि विचारा, अमेरिकेतून कुठला काका घेऊन आला होता.