स्लीप ॲप्नियाची शस्त्रक्रिया आणि आरोग्य विमा: नियमात कोण बसतं, कागद कोणते लागतात

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणं किंवा मंदावणं. त्यावरची शस्त्रक्रिया घसा-नाक-जबड्याची की वजन घटवण्यासाठी पोटाची, हे आधी डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. विमा कंपनी या दोन शस्त्रक्रिया वेगवेगळ्या नियमांनी तपासते.

टॉन्सिल, टाळू, नाक किंवा जबड्याची शस्त्रक्रिया असेल तर वजनाची अट नाही, वैद्यकीय गरज दाखवावी लागते. त्यासाठी स्लीप स्टडीतला (झोपेत केलेल्या तपासणीतला) एएचआय पाहतात, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला: ५ ते १५ सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) लावून पाहिलं आणि सोसलं नाही, हे ईएनटी सर्जनच्या पत्रात यायलाच हवं. निदानाच्या रकान्यात नुसतं ‘घोरणं’ लिहिलेलं असेल तर पत्र बदलून घ्या. जबड्याच्या शस्त्रक्रियेवर तर ‘सौंदर्यासाठी’ असा शिक्का बसायला वेळ लागत नाही.

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया असेल तर विमा नियामक इर्डाची प्रमाणित अट लागू होते: वय किमान १८, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त. तीव्र स्लीप ॲप्निया असेल तर ३५ चालतो. मात्र आहार-व्यायामासारखे सौम्य उपाय करूनही वजन उतरलं नाही, याची नोंद हवी. आहारतज्ज्ञाच्या जुन्या चिठ्ठ्या म्हणूनच फेकू नका.

पॉलिसी घेण्याआधीचा आजार असेल तर प्रतीक्षा, म्हणजे त्या आजाराचा दावा मिळत नाही तो काळ, कमाल तीन वर्षं (२०२४ पासून, आधी चार होती). टॉन्सिल आणि नाकाच्या पडद्याला अनेक पॉलिसींत वेगळी, बहुधा दोन वर्षांची प्रतीक्षा असते.

केवळ तपासणीसाठी रुग्णालयात राहिलात तर तो खर्च मिळत नाही. पण त्याच तपासणीवरून पुढे शस्त्रक्रिया झाली आणि दावा मंजूर झाला, तर स्लीप स्टडीचं बिल रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचा खर्च म्हणून मागता येतं. किती दिवस आधीपर्यंतचं बिल चालतं ते पॉलिसीत पाहा, बहुधा ३० किंवा ६० दिवस.

कॅशलेससाठी रुग्णालयाच्या टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) डेस्कवर पूर्वपरवानगीचा अर्ज, विमा कार्ड, ओळखपत्र, स्लीप स्टडीचा पूर्ण अहवाल, सर्जनचं पत्र आणि खर्चाचा अंदाज द्या. २०२४ च्या नियमानुसार कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो. पैसे आधी स्वतः भरणार असाल तर दाव्याचा फॉर्म, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं-पावत्या आणि रद्द केलेला चेक जोडा.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही.