पुरात पडलेलं घर: पंचनाम्यापासून पक्क्या घरापर्यंत

महाराष्ट्रात पुराने घर पडलं की सरकारी मदत किती मिळणार हे एका कागदावर ठरतं, तो म्हणजे पंचनामा. पाणी ओसरल्यावर थोड्याच दिवसांत तो घाईघाईने लिहून होतो. पुढे तहसीलला जे हेलपाटे पडतात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा त्यातल्याच एखाद्या शब्दात असतं. त्यामुळे या लेखात सगळ्यात जास्त जागा पंचनाम्याला दिली आहे.

मदत किती, आणि कोणाला

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे 2022-23 ते 2025-26 या काळासाठीचे दर असे: पूर्ण पडलेल्या घराला, ते कच्चं असो वा पक्कं, सपाट भागात 1,20,000 रुपये आणि डोंगरी भागात 1,30,000. किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500, कच्च्या घराला 4,000. झोपडीला 8,000, गोठ्याला 3,000. कपड्यांसाठी आणि भांड्याकुंड्यांसाठी प्रत्येक कुटुंबाला 2,500-2,500 रुपये वेगळे.

राज्य सरकार यात स्वतःची भर घालू शकतं. जुलै 2021 च्या पुरानंतर पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख रुपये दिले गेले होते. त्यामुळे ज्या आपत्तीत तुमचं घर गेलं, त्या आपत्तीचा शासन निर्णय तलाठ्याकडे मागून वाचाच. गेल्या वेळचा आकडा धरून बसू नका.

घराची रक्कम घरमालकाला मिळते, कपडे-भांड्यांची रक्कम कुटुंबाला. म्हणून भाडेकरूनेही आपलं नाव पंचनाम्यात घालून घ्यावं. एका छताखाली दोन भावांच्या दोन चुली असतील, तर वेगळं रेशनकार्ड हा त्याचा सगळ्यात सरळ पुरावा.

निकषात आणखी एक अट आहे: झोपडी सोडून बाकी घर अधिकृत बांधकाम असावं लागतं. गावठाणात घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा, उतारा पुरतो. गायरानावरच्या, म्हणजे गावच्या सरकारी चराऊ जमिनीवरच्या, घरांची खरी अडचण इथे येते. अशा घरांची घरपट्टीची पावती, वीजबिल आणि अतिक्रमण नोंदवहीतला उतारा पावसाळ्याआधीच काढून ठेवावा.

पंचनाम्यात काय लिहिलं जातं, ते बघा

घराचा पंचनामा तलाठी आणि ग्रामसेवक मिळून करतात. आता त्यांची पदनावं ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली आहेत. पडझडीच्या टक्केवारीबद्दल वाद असेल तर कनिष्ठ अभियंत्याकडून पाहणी करून घेण्याची मागणी करा. पंचनाम्यातल्या चार गोष्टींवर नजर ठेवायची.

पहिली गोष्ट म्हणजे घराचा प्रकार. दगड-मातीच्या भिंती आणि वर पत्रे असं घर म्हणजे कच्चं घर, झोपडी नव्हे. गवत, माती, प्लास्टिक वापरून उभा केलेला कच्च्या घराहून हलका, तात्पुरता निवारा म्हणजे झोपडी. 'झोपडी' हा एक शब्द पडला की 1,20,000 चे 8,000 होतात.

दुसरी गोष्ट कारण. अतिवृष्टीची मोजणी महसूल मंडळानुसार, म्हणजे काही गावांच्या गटानुसार, होते: त्या मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. पण सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला आला तसा पूर वरच्या भागातल्या पावसाने येतो. तुमच्या मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा तेव्हा लहानही असू शकतो. अशा वेळी कारणाच्या रकान्यात 'नदीचा पूर' हे शब्द असायला हवेत. 'अतिवृष्टी' लिहिलं तर पर्जन्यमापकाच्या आकड्यावर प्रकरण अडू शकतं.

तिसरी टक्केवारी, आणि सगळ्यात मोठं नुकसान होतं ते इथेच. मातीची भिंत पाण्यात उभी असते तेव्हा ती पडेलच असं नाही. खालचे दोन-तीन फूट भिजून मऊ होतात आणि वरचं वजन तसंच राहतं. ऊन पडलं की भिंत बाहेरून वाळते, आतून ओलीच राहते. मग कोपऱ्यात उभी भेग जाते, भिंतीला पोट येतं आणि पाच-सहा दिवसांनी एखाद्या रात्री ती बसते. तोवर पंचनाम्यात 'अंशतः' लिहून झालेलं असतं. असं झालं तर लगेच तहसीलदारांच्या नावे फेरपंचनाम्याचा अर्ज द्या. पहिल्या पंचनाम्याची तारीख, भिंत पडल्याची तारीख आणि दोन्ही वेळचे फोटो त्याला जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. आणि अशा भिंतीच्या आडोशाला झोपू नका, हे कागदांपेक्षा आधी.

चौथी गोष्ट नाव. आधार, बँक पासबुक आणि नमुना 8 यांत नाव एकच हवं. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसांची यादी आणि बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र जोडा, म्हणजे रक्कम राहणाऱ्याच्या खात्यात जाते. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. शंभर किंवा पाचशे रुपयांचा स्टॅम्प आणायला कोणी सांगितलं तर तसा शासन आदेश दाखवायला सांगा.

कोऱ्या पंचनाम्यावर सही किंवा अंगठा देऊ नका. भरलेल्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून ती मागता येते.

फोटो आणि कागद

पंचनामा होईपर्यंत मलबा उचलू नये. जनावर अडकलंय किंवा रस्ता मोकळा करायचाय म्हणून उचलावाच लागला, तर आधी फोटो काढा. एक फोटो समोरून, घर क्रमांकाची पाटी दिसेल असा. घराच्या चारही बाजूंचे चार. एक आतून, छत दिसेल असा. आणि एक भिंतीवर पाण्याने सोडलेल्या रेघेचा, शेजारी टेप किंवा माणूस उभा करून, म्हणजे उंची कळते. ही रेघ पुसायची किंवा सारवायची घाई करू नका.

कागद एवढे लागतात: आधार, रेशनकार्ड, पासबुकाचं पहिलं पान, नमुना 8, घरपट्टीची पावती आणि फोटो. कागद वाहून गेले असतील तर नमुना 8 ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतून पुन्हा मिळतो, आधार ऑनलाइन उतरवता येतं. मात्र आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू असावा लागतो, कारण ओटीपी त्यावरच येतो.

मदत मिळणाऱ्यांची यादी संगणकप्रणालीवर चढली की त्यात प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक येतो. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करायचं. रक्कम चुकीची दिसली तर प्रमाणीकरणाच्या वेळीच हरकत नोंदवा. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, पासबुक कुठल्याही बँकेचं दिलं असलं तरी. 'पैसे आलेच नाहीत' अशी तक्रार असलेल्यांनी आधी ही जोडणी तपासावी. खातं बंद पडलं असेल तर केवायसी करून ते चालू करून घ्यावं. मदतीची रक्कम बँकेने कर्जवसुलीला वळती करू नये, असं मदतीच्या शासन निर्णयांत लिहिलेलं असतं. कापली गेली तर त्या निर्णयाची प्रत लावून जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हा लोकशाही दिन असतो.

गावाने एकत्र करायचं काम

एकट्या माणसाचा अर्ज फायलीत मागे पडतो, गावाची नोंदवही सहसा पडत नाही. बचत गटातल्या चार-पाच बायका आणि शिकलेली दोन मुलं मिळून दोन दिवसांत ती करू शकतात. रकाने असे ठेवा: घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, चुली किती, घराचा प्रकार, पाणी किती फूट होतं, काय पडलं, पंचनामा झाल्याची तारीख, त्यात काय लिहिलं, पैसे आल्याची तारीख. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका, ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याला गेलेली घरं आणि वस्तीवरची घरं सुटतात, ती आधी लिहा. तलाठ्याकडची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या, नोंदवहीशी ताडा आणि सुटलेली नावं ठरावात घेऊन तहसीलदारांना पाठवा.

ही पद्धत मराठवाड्याला नवी नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये जवळजवळ दोन लाख घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या गेल्या. घरमालकाला हप्ता कधी मिळेल, काम कसं करायचं, अभियंत्याला काय विचारायचं, हे त्या घरोघर सांगत.

पक्कं घर आणि जागा

1,20,000 रुपयांत घर पूर्ण होत नाही, म्हणून घरकुल योजनेत नाव आहे का ते लगेच बघा. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घर किमान 25 चौरस मीटरचं हवं आणि पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे मिळतात. मंजुरीआधी जागेचा जिओ-टॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो, निघतो. तो निघण्याआधी पाया खणला तर प्रकरण अडतं. जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून जागेसाठी मदत मिळते.

जुन्या जागी बांधण्याआधी जलसंपदा विभागाची पूररेषा बघून घ्या. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही.

आख्खी वस्ती हलवायची असेल तर सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने होते. दरड कोसळण्याचा धोका असेल तर भूवैज्ञानिकांचा पाहणी अहवाल लागतो, मग पर्यायी जमीन बघितली जाते. जुलै 2014 मध्ये दरडीखाली गेलेलं माळीण 2017 मध्ये आमडे इथे पुन्हा वसलं. इतका काळ जातो हे धरून ठरावातच तीन गोष्टी लिहून घ्या: तोवरच्या निवाऱ्याची सोय, शेतापासून नव्या जागेचं अंतर आणि जुन्या गावठाणातल्या जागेवरचा हक्क.